समुद्राच्या पाण्याचा कूलर: धातू ठरवण्याआधी काय विचारायचं, ठरवल्यावर काय सांभाळायचं

बडोद्याच्या मकरपुरा-रणोली या औद्योगिक भागांत समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर बनतो (शेल म्हणजे मोठं नळकांडं, त्यात ट्यूबांचा जुडगा; ट्यूबांतून पाणी, बाहेरून गार करायचं प्रॉडक्ट), पण बडोद्यातून समुद्र दिसत नाही. एनक्वायरी दहेजहून येते, हजिऱ्याहून येते, जामनगर-मुंद्र्याहून येते. डाटाशीटवर ट्यूबसाइडला, म्हणजे ट्यूबांच्या आत, ‘सी वॉटर’ एवढे दोन शब्द, फ्लो आणि आत-बाहेरची तापमानं असतात. तेवढ्यावर धातू ठरवला तर कूलर पहिला पावसाळा काढेल की वीस वर्षं, हे नशिबावर सोडल्यासारखं होतं. आणि ट्यूब फुटली की खारं पाणी प्रॉडक्टमध्ये किंवा बॉयलरच्या कंडेन्सेटमध्ये शिरतं, नाहीतर प्रॉडक्ट खाडीत जातं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण त्या खाडीवर मासेमारी करणाऱ्यांचं पोट असतं.

मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवू. ट्यूबा बहुतेक वेळा पाणी मंद होतं किंवा थांबतं त्या काळात खराब होतात: गाळाखाली, गॅस्केटखाली, अर्ध्या बंद केलेल्या व्हॉल्व्हमुळे, शटडाउनच्या आठवड्यात. म्हणून नॉर्मल कंडिशनच्या आकड्यांइतकंच लक्ष सगळ्यात वाईट दिवसाच्या आकड्यांकडे द्यायचं.

पाण्याची चौकशी

मोकळ्या समुद्रात दर किलो पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यात क्लोराइड सुमारे १९,००० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ८ च्या जरा वर. पण गुजरातच्या किनाऱ्यावर दोन वेगवेगळे समुद्र आहेत असंच धरून चालावं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो, त्यामुळे तळाचा गाळ सतत ढवळला जातो. दहेज नर्मदेच्या मुखाशी, हजिरा तापीच्या मुखाशी. पावसाळ्यात नदीचं पाणी येतं, मीठ उतरतं आणि गाळ वाढतो. कच्छच्या आखातात मोठ्या नद्यांचं पाणी फारसं येत नाही आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून तिथलं पाणी मोकळ्या समुद्रापेक्षा खारट असतं. ‘सी वॉटर’ हे दोन शब्द दोन्हीकडे सारखेच लिहिले जातात.

तेव्हा क्लायंटला एक पत्र पाठवून पुढच्या गोष्टी लेखी मागवा. क्लोराइड किमान आणि कमाल किती? गाळ पावसाळ्यात किती, आणि त्यात वाळू किती? पाण्याचं मे महिन्यातलं कमाल तापमान? अमोनिया किंवा सल्फाइड आहे का? जवळ गटाराचं किंवा खत कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. क्लोरीन कुठे सोडतात आणि कूलरच्या आउटलेटला किती उरतं? पाणी एकदाच वापरून सोडतात की कूलिंग टॉवरवर फिरवतात? टॉवर असेल तर मीठ दीडपटीपर्यंत चढलेलं असू शकतं. स्टँडबाय कूलर भरलेला ठेवतात की रिकामा? आणि शेलसाइडला, म्हणजे ट्यूबांच्या बाहेर, नेमकं काय आहे, स्टार्टअपला आणि स्टीमिंगला (वाफेने साफ करताना) काय असतं?

एक प्रश्न हमखास राहून जातो: तापमान आटोक्यात ठेवायला पाण्याचा व्हॉल्व्ह दाबतात का? हिवाळ्यात समुद्र थंड झाला की प्रॉडक्ट गरजेपेक्षा जास्त गार होतं आणि ऑपरेटर पाणी कमी करतो. त्याच्या जागी कोणीही तेच करेल. पण ट्यूबमधला वेग अर्ध्यावर येतो, गाळ बसतो, आउटलेटचं पाणी ४५ अंशांच्या वर जाऊन चुन्याचा थर धरू लागतं, आणि त्या थराखाली धातू सडतो. यावर उपाय धातू बदलणं हा नाही. बायपास प्रॉडक्टच्या बाजूला द्यायला सांगा आणि समुद्राचं पाणी नेहमी पूर्ण वाहू द्या. एवढी एक दुरुस्ती ड्रॉइंगमध्ये झाली तर पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

वेग आधी, धातू नंतर

एक साधा हिशेब. १९.०५ मि.मी. ओडी (बाहेरचा व्यास), १.२४५ मि.मी. जाडीची ट्यूब घ्या. आतला व्यास १६.५६ मि.मी., आतलं क्षेत्रफळ २१५ चौरस मि.मी. दोन पास (पाणी अर्ध्या ट्यूबांतून जातं, उरलेल्यांतून परत येतं), एकूण ४०० ट्यूबा, म्हणजे एका पासमध्ये २००. फ्लो ताशी ३०० घनमीटर. वेग येतो १.९३ मीटर प्रति सेकंद. ९०-१० कॉपर निकेलला (९० टक्के तांबं, १० टक्के निकेल) हा वेग उत्तम. आता हिवाळ्यात व्हॉल्व्ह दाबून फ्लो १२० वर आणला तर वेग ०.७७, आणि गाळ बसायला सुरुवात.

याच कूलरला पुढे टायटॅनियम लावायचं ठरलं आणि तेवढ्याच ट्यूबा ०.७११ मि.मी. जाडीत बसवल्या, तर आतला व्यास १७.६३ होतो आणि वेग १.७१ वर उतरतो. रिट्यूबिंगमध्ये (जुन्या कूलरच्या ट्यूबा बदलताना) ही चूक नेहमी दिसते. टायटॅनियमला जास्त वेग चालतो, इतकंच नाही तर स्वच्छ राहण्यासाठी तो लागतो. आणि आपण नेमका तो कमी करून ठेवतो. नवीन डिझाइन असेल तर एका पासमध्ये २०० ऐवजी सुमारे १६३ ट्यूबा धरा, वेग २.१ वर येईल.

वेगाच्या साधारण मर्यादा (मीटर प्रति सेकंदात) अशा. अॅडमिरल्टी ब्रासला १.५ ते १.८ च्या वर नको, आणि आज नव्या समुद्री कूलरला तो सुचवण्यात अर्थ नाही. अॅल्युमिनियम ब्रासला २.४ पर्यंत. ९०-१० कॉपर निकेलला २.५ पर्यंत, ७०-३० ला ३ च्या आसपास. ३० टक्के निकेलसोबत २ टक्के लोखंड आणि २ टक्के मँगनीज असलेला सी७१६४० याहून कणखर, वाळू असलेल्या पाण्यात तांब्याच्या घराण्यातला सगळ्यात भरवशाचा. खालची मर्यादा तांब्याच्या सगळ्या मिश्रधातूंना सारखीच: १ मीटरच्या खाली जाऊ नका. स्टेनलेस आणि टायटॅनियमला वरची मर्यादा पंप आणि प्रेशर ड्रॉप ठरवतात, धातू नाही. खालची मात्र १.८ च्या आसपास ठेवावी. वाळू असेल तर तांब्याच्या मिश्रधातूंसाठी वरचे आकडे कमाल समजा आणि २ च्या आत राहा.

आणखी एक भीती काढून टाकायला हवी. ‘टायटॅनियमची उष्णता-वहनक्षमता कमी, म्हणून एरिया खूप वाढेल,’ असं पर्चेसच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. भिंतीचा अडथळा म्हणजे जाडी भागिले वहनक्षमता. ९०-१० चं १.२४५ मि.मी. आणि ५० वॉट प्रति मीटर-केल्विन धरलं तर ०.००००२५ येतो. टायटॅनियमचं ०.७११ मि.मी. आणि २१ धरलं तर ०.००००३४. समुद्राच्या पाण्यासाठी टेमाच्या (हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मानकाच्या) कोष्टकातला फाउलिंग फॅक्टर, म्हणजे मळाच्या थराचा अडथळा, याच एककात ०.००००८८ आहे. म्हणजे दोन धातूंतला फरक मळाच्या दहाव्या भागाएवढा. ट्यूब स्वच्छ ठेवणं धातूच्या वहनक्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं.

तांब्याचे मिश्रधातू

कॉपर निकेलचं मोठेपण असं की त्यावर शंख-शिंपले आणि शेवाळ सहजी धरत नाहीत. दुबळेपण असं की त्याचं सगळं आयुष्य एका पातळ थरावर उभं आहे. पहिल्या काही दिवसांत तो तपकिरी थर धरतो, पण पक्का व्हायला दोन-तीन महिने घेतो. तेवढ्या काळात स्वच्छ, हवा मिसळलेलं, वाहतं पाणी मिळालं तर पुढे वर्षानुवर्षं तक्रार नाही. पण पहिल्याच पाण्यात सडका गाळ असेल, सल्फाइड असेल, तर थर काळा आणि भुसभुशीत बनतो, आणि नंतर स्वच्छ पाणी आलं तरी तो लवकर सुधारत नाही. त्यामुळे कमिशनिंगची घाई कॉपर निकेलला फार महागात पडते.

९०-१० मध्ये लोखंड १ ते १.८ टक्के असावं लागतं. टेस्ट सर्टिफिकेटवर ते दीडच्या आसपास आहे ना ते बघा. एकाच्या काठावरचं मटेरियल स्पेसिफिकेशनमध्ये बसतं, पण पाण्याच्या माऱ्याला कमी पुरं पडतं. लोखंडामुळेच थर मजबूत होतो, म्हणून सुरुवातीच्या काळात रोज तासभर फेरस सल्फेट सोडण्याची पद्धत आहे. त्या तासात क्लोरीन बंद ठेवायचं, नाहीतर लोखंड ट्यूबपर्यंत पोचण्याआधीच ऑक्सिडाइझ होऊन वाया जातं.

पाण्यात किंवा शेलसाइडला अमोनिया असेल तर ब्रास अजिबात नको. ताणाखाली असलेल्या ब्रासला अमोनिया तडे पाडतो, आणि तडा खड्ड्यासारखा हळूहळू सूचना देत नाही. कॉपर निकेल याबाबतीत बरंच सहनशील, तरी अमोनिया सतत असेल तर टायटॅनियमकडेच जावं. पाण्यात सल्फाइड असेल तेव्हाही हाच सल्ला.

स्टेनलेस: ‘एसएस’ लिहून चालत नाही

३१६एल समुद्राच्या पाण्यात वापरू नका. बाहेरून चकचकीत दिसतो, गॅस्केटखाली आणि ट्यूब आणि ट्यूबशीट (ट्यूबांची टोकं बसवलेली भोकांची प्लेट) यांच्या फटीत काही महिन्यांत खड्डे पडतात. कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. फटीतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तिथली क्रोमियमची संरक्षक पापुद्री दुरुस्त होत नाही, क्लोराइड आत ओढलं जातं, पाणी आम्लधर्मी बनतं. बाहेरच्या मोठ्या पृष्ठभागावर ऑक्सिजन भरपूर, म्हणून आतल्या छोट्या जागेवर सगळा भार येतो. धातूची भिंत जशीच्या तशी, आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक आरपार.

खड्ड्यांपुढे कोणतं स्टेनलेस किती टिकेल याच्या तुलनेसाठी पीआरईएन हा आकडा वापरतात: क्रोमियम टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३१६एल चा येतो २४ च्या आसपास, २२०५ डुप्लेक्सचा ३५, सुपर डुप्लेक्स एस३२७५० चा ४२, २५४ एसएमओ या ६ टक्के मॉलिब्डेनमच्या स्टीलचा ४३. समुद्रासाठी ४० च्या वरच विचार करायचा. २२०५ ला ‘डुप्लेक्स आहे, चालेल’ म्हणून घेणारे बरेच असतात. फटी असलेल्या कूलरला तो पुरत नाही.

४० च्या वर गेलो म्हणजे सुटलो असंही नाही. नॉर्वेच्या नॉर्सोक मानकात फटी असलेल्या, क्लोरीन सोडलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी सुपर डुप्लेक्स आणि ६ टक्के मॉलिब्डेनमच्या स्टीलला २० अंशांच्या आसपासची मर्यादा आहे. तो उत्तर समुद्राचा अनुभव. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात इनलेटलाच पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आउटलेट ४० च्या घरात. परदेशी कॅटलॉगमधलं ‘सीवॉटर रेझिस्टंट’ इथे तसंच्या तसं लागू पडत नाही. क्लोरीनचा भाग यात मोठा आहे: नैसर्गिक पाण्यात जिवाणूंच्या थरामुळे स्टेनलेसचा विद्युत विभव सुमारे +३०० मिलिव्होल्टपर्यंत चढतो, क्लोरीन टाकलं की +६०० पर्यंत, आणि विभव चढला की फट पेटायला तेवढं कमी निमित्त लागतं. शेवाळ मारायला टाकलेलं क्लोरीन मात्रेबाहेर गेलं तर स्टेनलेसवर उलटतं. उरलेलं क्लोरीन ०.२ ते ०.५ पीपीएममध्ये ठेवणं कॉपर निकेललाही मानवतं.

सुपर डुप्लेक्स घेतलंच तर दोन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, वेल्डिंगची उष्णता. हीट इनपुट ०.५ ते १.५ किलोज्यूल प्रति मि.मी., दोन पासमधलं तापमान १०० अंशांच्या वर नाही. वेल्डर घाईत गरम जॉबवर पुढचा पास चढवतो तेव्हा सिग्मा फेज (क्रोमियम-मॉलिब्डेनम ओढून घेणारा ठिसूळ भाग) तयार होतो, आणि मग कागदावर ४२ चा धातू समुद्रात ३१६ सारखा वागतो. वेल्डसकट कूपनवर (नमुन्याच्या तुकड्यावर) फेरिक क्लोराइडची जी४८ टेस्ट, म्हणजे खड्डे पडतात का ते बघणारी टेस्ट, मागा. दुसरी गोष्ट पीएमआय गनची, म्हणजे क्ष-किरणांनी (एक्सआरएफ) धातूतले घटक ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राची. एक्सआरएफ गन नायट्रोजन मोजू शकत नाही. एस३२७५० मध्ये क्रोमियम २५, मॉलिब्डेनम ४ असं गनने दाखवलं तर हिशेब ३८ च्या आसपास येतो. उरलेले चार-साडेचार गुण ०.२७ टक्के नायट्रोजनचे असतात आणि ते फक्त लॅबच्या केमिकल अॅनालिसिसमध्ये दिसतात. गनचा कागद फाइलला लावून ‘पीआरईएन तपासला’ असं लिहू नका.

टायटॅनियम

ग्रेड २ टायटॅनियमला समुद्राच्या पाण्यात, गाळाखालीसुद्धा, साधारण ७० ते ८० अंश धातूच्या तापमानापर्यंत काही होत नाही. सल्फाइड, अमोनिया, वाळू, क्लोरीन, थांबलेलं पाणी: ज्या दिवसांची भीती वर घातली ते सगळे दिवस हा धातू काढतो. दहेज-हजिऱ्याच्या गढूळ पाण्याला पहिली पसंती हीच. मोजायचं तापमान पाण्याचं नव्हे, ट्यूबच्या भिंतीचं. वाफ किंवा गरम गॅस ज्या टोकाला शिरतो तिथलं. ८० च्या वर जात असेल तर पॅलेडियम असलेला ग्रेड ७ किंवा निकेल-मॉलिब्डेनमचा ग्रेड १२ बघा. पण त्याआधी योजनाच बदलता येते का ते विचारा: कारखान्यात गोड्या पाण्याचं बंद सर्किट फिरवायचं आणि ते सर्किट एकाच टायटॅनियमच्या प्लेट एक्स्चेंजरने समुद्रावर गार करायचं. मग बाकीचे सगळे कूलर साध्या धातूत होतात आणि समुद्राशी भांडण एकाच जागी राहतं. कूलर अनेक असतील तिथे हा मार्ग आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. प्लेटा दाबून घडवायच्या म्हणून मऊ ग्रेड १, जाडी ०.५ ते ०.६ मि.मी.; आणि प्लेटांमधली फट काही मि.मी.चीच, म्हणून आधी चांगला स्ट्रेनर हवाच.

टायटॅनियमचे शत्रू थोडे, पण ठाम आहेत. कोरडा क्लोरीन वायू: त्यात टायटॅनियम पेट घेतं. दहेजकडे क्लोर-अल्कली प्लांट आहेत, तेव्हा शेलसाइडला क्लोरीन असेल तर ओला की कोरडा हे लेखी घ्या. फ्लोराइड: डिस्केलिंगच्या अॅसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक असेल तर ट्यूबा विरघळतात, म्हणून मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये ते ठळक लिहा. पाणी नसलेला मिथेनॉल: तडे पाडतो, त्यामुळे वर्कशॉपमध्ये पुसायला अॅसिटोन वापरा, मिथेनॉल नाही.

मेकॅनिकल डिझाइनमध्ये दोन जागा. टायटॅनियमचा लवचिकता गुणांक सुमारे १०५ गिगापास्कल, स्टीलचा २००, आणि ट्यूब पातळ. बॅफल (ट्यूबांना मध्ये आधार देणाऱ्या आडव्या प्लेटा) लांब-लांब ठेवले तर ट्यूबा थरथरतात आणि बॅफलच्या भोकात कापल्या जातात. टेमाच्या कोष्टकात १९.०५ मि.मी. ट्यूबला कमाल आधाररहित अंतर स्टीलला १५२४, तर टायटॅनियमला १३२१ मि.मी. आहे, तेही कमालच, पातळ ट्यूबला व्हायब्रेशनचा हिशेब करून बरंच कमी घ्यावं लागतं. दुसरं प्रसरण. ६ मीटरच्या कूलरमध्ये ६० अंशांची वाढ धरली तर कार्बन स्टीलचं शेल ४.३ मि.मी. वाढतं, टायटॅनियमची ट्यूब ३.१. शिवाय ट्यूब शेलपेक्षा थंड असते, म्हणजे फरक याहून जास्त आणि ओढ ट्यूबच्या जोडांवर. फिक्स ट्यूबशीट (दोन्ही टोकांना शेलला पक्कं जोडलेलं) असेल तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्यूब एकटी नसते

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले की बॅटरीसारखा प्रवाह वाहतो आणि दुबळा धातू झिजतो. टायटॅनियमच्या ट्यूबा आणि पितळी ट्यूबशीट अशी जोडी लावली की ट्यूबा सुखरूप राहतात आणि ट्यूबशीट खाल्लं जातं. टायटॅनियमला टायटॅनियमचंच ट्यूबशीट द्या. जाड लागत असेल तर कार्बन स्टीलवर एक्स्प्लोजन-बाँडेड क्लॅड (स्फोटाने चिकटवलेला टायटॅनियमचा थर) घ्या. ९०-१० ट्यूबांना ९०-१० चं किंवा निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचं ट्यूबशीट चालतं. नेव्हल ब्रासही लावतात, पण त्यातलं झिंक निघून जातं आणि वर्षांनंतर लालसर, ठिसूळ तांबं उरतं.

वॉटर बॉक्स (ट्यूबांच्या टोकाशी पाणी शिरतं-निघतं तो डबा) बहुधा कार्बन स्टीलचा, आतून रबर लायनिंग. इथे एक चूक डोळ्यांदेखत होते. लायनिंगमध्ये नॉझलच्या वेल्डपाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं. समोर टायटॅनियमचं दीड मीटर व्यासाचं ट्यूबशीट आणि शेकडो ट्यूबांची तोंडं. या सगळ्या पृष्ठभागाची भूक त्या एका सुईच्या टोकावर भागते, आणि जाड प्लेटलाही तिथे भोक पडतं. वर रबर मात्र शाबूत दिसतं. लायनिंगच नसतं तर गंज सगळीकडे पसरून हळू लागला असता. म्हणून लायनिंग झाल्यावर प्रत्येक कोपरा, प्रत्येक नॉझलची मान, प्रत्येक फ्लँजचा चेहरा स्पार्क टेस्टरने (छिद्र असेल तिथे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राने) तपासायचा. कडा आधी ग्राइंड करून गोल केलेल्या हव्यात, कारण तीक्ष्ण कडेवर रबर पातळ बसतं. जमलं तर ट्यूबशीटच्या तोंडालाही कोटिंग द्या, म्हणजे भूक कमी होते.

अॅनोड (स्वतः झिजून कूलर वाचवणारे धातूचे तुकडे) लावताना धातू बघा. तांब्याच्या मिश्रधातूंना मऊ लोखंडाचे अॅनोड उत्तम. विरघळणारं लोखंड थर धरायलाही मदत करतं. टायटॅनियमला झिंकचे अॅनोड सवयीने लावू नका. विभव −०.७५ व्होल्टच्या पलीकडे गेला की हायड्रोजन सुटतो आणि टायटॅनियम तो पितं, ठिसूळ होतं. झिंक −१ व्होल्टपाशी नेऊन ठेवतं.

बडोद्यातल्या शॉप फ्लोअरवर

बरेच कूलर समुद्र बघण्याआधीच बिघडलेले असतात. हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) बोअरच्या पाण्याने केली, पाणी काढलं पण ट्यूबा वाळवल्या नाहीत, आणि डिस्पॅच पुढे ढकलला. ट्यूबच्या तळाशी उरलेलं पाणी महिनाभर वाळत राहतं, क्लोराइड वाढत जातं, जिवाणू वाढतात. स्टेनलेसला आणि डुप्लेक्सला टेस्टसाठी डीएम (क्षार काढलेलं) पाणी वापरा, क्लोराइड ५० पीपीएमच्या आत. टेस्ट झाली की लगेच काढा, कोरडी हवा फुंका, आणि नॉझल बंद करून थोड्या नायट्रोजनवर ठेवा. जून ते सप्टेंबर हे विशेष पाळा.

टायटॅनियमसाठी वेगळी खोली, निदान पडदे लावलेला वेगळा कोपरा हवा. शेजारी कार्बन स्टील ग्राइंड होत असेल तर उडालेले लोखंडाचे कण टायटॅनियमवर चिकटतात आणि पुढे तिथून गंज आणि हायड्रोजन आत शिरायला वाट होते. ब्रश स्टेनलेसचा, फक्त याच कामाचा, हातमोजे स्वच्छ सुती. शंका असेल तर फेरॉक्सिल टेस्ट करा. जिथे लोखंड तिथे निळा डाग उमटतो. वेल्डचा रंग हाच पहिला इन्स्पेक्टर: चांदीसारखा असेल तर उत्तम, फिकट गवती चालेल, निळा-जांभळा म्हणजे आर्गन अपुरा पडला, आणि राखाडी किंवा पांढरट भुकटी दिसली तर कापून पुन्हा करा. निळा डाग ब्रशने घासून चकचकीत करून देण्याचा मोह टाळा. आत शिरलेला ऑक्सिजन ब्रशने निघत नाही.

ट्यूब एक्स्पान्शनचा (ट्यूब आतून फुगवून ट्यूबशीटच्या भोकात घट्ट बसवण्याचा) हिशेब कागदावर करून ऑपरेटरच्या हातात द्या. ट्यूब ओडी १९.०५, भोक १९.३०, म्हणजे मोकळीक ०.२५. आतला व्यास १७.६३. भिंत ७ टक्के दाबायची तर ०.७११ च्या दुपटीचे ७ टक्के, म्हणजे ०.१०. बेरीज १७.९८: एक्स्पान्शननंतर ट्यूबच्या आत एवढा व्यास मिळायला हवा. टक्केवारी मात्र आधी मॉकअपवर (नमुन्याच्या जोडावर) पुल-आउट टेस्ट, म्हणजे ट्यूब ओढून बघण्याची चाचणी, घेऊन पक्की करा. भोकं प्रत्यक्ष मोजा, १९.२५ निघालं तर लक्ष्यही ०.०५ ने खाली येतं. पातळ टायटॅनियमला जास्त दाबलं की ते कडक होऊन चिरतं, कमी दाबलं की फट राहते.

चालू करताना आणि थांबवताना

इनलेटच्या टोकाला पाणी वळतं, फेसाळतं, आणि तांब्याच्या ट्यूबांची पहिली १००–१५० मि.मी. लांबी सगळ्यात आधी झिजते. तिथे नायलॉनचे इन्सर्ट (ट्यूबच्या तोंडात बसणारी छोटी नळी) घालतात. इन्सर्टचं आतलं टोक निमुळतं हवं. पायरी राहिली तर झीज फक्त पायरीच्या पलीकडे सरकते.

कॉपर निकेलच्या कूलरला काही दिवस थांबावं लागलं तर भरलेलं पाणी दोन-तीन दिवसांनी ताज्या पाण्याने बदला, कारण आतले जीव मरून कुजतात आणि सल्फाइड तयार होतं. आठवड्यापेक्षा जास्त थांबायचं असेल तर रिकामा करा, गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. अर्धा रिकामा, ओला ठेवणं सगळ्यात वाईट. सुपर डुप्लेक्सलाही हाच नियम. टायटॅनियमला कुजलेल्या पाण्याचं भय नाही, पण शिंपल्यांचं आहे, कारण त्याच्यापासून जीवांना काहीच अपाय नाही. सीझनमध्ये क्लोरीन खंडित झालं की ट्यूबांची तोंडं महिन्याभरात बुजू शकतात.

ट्यूब गळलीच तर प्लग मारून मोकळे होऊ नका. निदान एक ट्यूब बाहेर काढा. इनलेट कुठलं आणि वरची बाजू कुठली हे तिच्यावर मार्करने आधी लिहा, मग कोरडी कापा. कूलंट लावलं तर आतला थर धुऊन जातो आणि पुरावाही. उभी चिरून आत बघा. तळाच्या बाजूला ओळीने खड्डे आणि वर साफ असेल तर गाळ बसत होता, वेग तपासा. घोड्याच्या नालासारखे चकचकीत खड्डे, जणू घोडा प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेलाय, असं दिसलं तर वेग जास्त झाला किंवा मध्ये एखादा शिंपला अडकून पाण्याचा फवारा भिंतीवर बसत होता. काळा थर नखाने सुटत असेल तर सल्फाइड. बाहेरून, बॅफलच्या जागी, अंगठीसारखी झीज असेल तर व्हायब्रेशन. तडा बारीक फांद्या फुटल्यासारखा असेल तर ब्रासमध्ये अमोनिया आणि स्टेनलेसमध्ये क्लोराइड व तापमान यांचा शोध घ्या. मायक्रोस्कोपखाली बघायचं असेल तर लांब जायला नको. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या कलाभवनातून पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी उभी राहिली, आणि तिथे मेटलर्जीचा स्वतंत्र विभाग आहे. नमुन्यासोबत पाण्याचा रिपोर्ट, फ्लोचे खरे आकडे आणि गेल्या शटडाउनच्या तारखा द्या. त्या नसतील तर लॅब फक्त ‘पिटिंग’ असं लिहून देते, आणि पुढचा कूलर पुन्हा त्याच दोन शब्दांवर बनतो.